क्लबने सदस्यत्व रद्द केले: कोर्ट काय तपासते आणि कशात पडत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका जुन्या क्लबचे तुम्ही १९ वर्षे सदस्य. पत्त्यांच्या खोलीत समितीतल्या एका सदस्याशी बाचाबाची झाली. त्यानंतर बारच्या खरेदीच्या हिशेबाबद्दल तुम्ही सदस्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मजकूर टाकला. आठवड्याभरात कारणे दाखवा नोटीस आली. तक्रारीची प्रत मागितली, ती मिळाली नाही. सहाव्या दिवशी समितीसमोर दहा मिनिटे बोलू दिले, आणि आता ‘आपले सदस्यत्व तत्काळ रद्द करण्यात येत आहे’ असे दोन ओळींचे पत्र अनामत रकमेच्या चेकसकट हातात पडले आहे. हायकोर्टात रिट करता येईल का, बदनामीचा दावा लावावा का आणि तोवर पत्नीच्या कार्डावर पाहुणा म्हणून क्लबात गेले तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे.

पहिली गोष्ट आजच करायची: तो चेक बँकेत भरू नका. भरलात तर क्लबचे वकील पहिल्याच तारखेला सांगतील की यांनी हिशेब पुरता करून घेतला, म्हणजे निर्णय मान्य केला. चेकची झेरॉक्स काढा आणि मूळ चेक स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह परत पाठवा. सोबत तीन ओळींचे पत्र पुरे: निर्णय मला मान्य नाही, माझे सर्व हक्क राखून चेक परत करत आहे, सदस्यत्व अबाधित आहे अशी माझी भूमिका आहे. रक्कम परस्पर खात्यात जमा झाली असेल तर ती त्याच मार्गाने परत करा आणि त्याचेही पत्र द्या.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलेल्या चार परिच्छेदांपैकी तीन ‘मी जे लिहिले ते खरे होते’ हे पटवण्यात गेले आहेत. तुमची तळमळ समजते, पण कोर्टात हा भाग सगळ्यात कमी उपयोगाचा आहे. बारच्या हिशेबात गोंधळ होता की नव्हता, तुमचा मजकूर सभ्य होता की नव्हता, एवढ्यासाठी हकालपट्टी ही शिक्षा जास्त झाली का, यात कोर्ट सहसा पडत नाही. क्लब आणि सदस्य यांचे नाते कराराचे आहे आणि तो करार म्हणजे क्लबची घटना व नियमावली. ‘या कराराप्रमाणे क्लब वागला का?’ हा कोर्टाचा खरा प्रश्न असतो.

याबाबतचा आपल्याकडचा आधारभूत निकाल बेळगावचा आहे. तिथल्या ‘लॉज व्हिक्टोरिया क्र. ३६३’ या फ्रीमेसन मंडळींच्या संस्थेने एका सदस्याला काढले आणि वाद पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला (ए.आय.आर. १९६३, सुप्रीम कोर्ट, ११४४). न्यायालयाने सांगितले ते आजही क्लबच्या जवळपास प्रत्येक दाव्यात वाचले जाते. काढण्याचा अधिकार नियमांतून येतो, म्हणून तो नियमांत सांगितलेल्या पद्धतीनेच वापरावा लागतो. दिवाणी न्यायालय अशा संस्थेवरचे अपील कोर्ट नाही. संस्थेने अधिकार नसताना निर्णय घेतला, प्रामाणिक हेतूने घेतला नाही किंवा नैसर्गिक न्यायाची तत्त्वे (आरोप कळवणे, बाजू ऐकणे, निःपक्षपणे ठरवणे) मोडली, तरच ते हात घालते. हा निकाल त्या सदस्याच्या विरोधात गेला, हेही लक्षात ठेवा.

विलायतेतली दोन जुनी प्रकरणे शेजारी ठेवली की रेषा आणखी स्पष्ट दिसते. १८७८ मध्ये लंडनच्या आर्मी अँड नेव्ही क्लबच्या समितीने एका सदस्याला त्याचे म्हणणे न ऐकताच काढले. कोर्टाने ते रद्द केले. १८८१ मध्ये ट्रॅव्हलर्स क्लबने एका कर्नलला काढले, कारण त्याने एका जनरलला त्याच्या वर्तनावर टीका करणारे पत्रक पाठवले होते. तिथे नोटीस, सभा, मतदान सगळे नियमाप्रमाणे झाले होते. समितीचे मत अवाजवी आहे, हा कर्नलचा युक्तिवाद कोर्टाने ऐकला नाही. काढण्याचा नियमच मी सदस्य झाल्यानंतर आला, ही त्याची तक्रारही टिकली नाही, कारण नियम बदलण्याची तरतूद क्लबच्या नियमांतच होती. तुमचे प्रकरण या दोनांपैकी कोणाच्या जवळ जाते ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तुम्ही दिलेल्या माहितीवरून पहिल्याच्या जवळ जाण्याची चिन्हे आहेत.

तेव्हा आधी कागद. क्लबची नोंदणी कशाखाली आहे यावर पुढचे सगळे अवलंबून. आपल्याकडे तीन प्रकार दिसतात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० खालची संस्था, जी धर्मादाय हेतूची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदलेली असते; कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची (जुन्या १९५६ च्या कायद्यात कलम २५) ना-नफा कंपनी; आणि क्वचित नुसत्या नियमांवर चालणारे, नोंदणी नसलेले मंडळ. कंपनी असेल तर नियमावली कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून मिळते. संस्था असेल तर सहायक निबंधक किंवा धर्मादाय आयुक्त कार्यालयातून प्रमाणित प्रत काढा. क्लबच्या वाचनालयातल्या छापील पुस्तिकेवर विसंबू नका. शिस्तीचे कलम मध्येच बदललेले असते आणि पुस्तिका जुनीच राहते, किंवा उलट, पुस्तिकेत छापलेली दुरुस्ती सभेत रीतसर मंजूरच झालेली नसते. वादाचा प्रसंग घडला त्या दिवशी नियमांचा कोणता मजकूर लागू होता, तो हवा. (वाद गृहनिर्माण सोसायटीच्या क्लबहाऊसचा असता तर रस्ता वेगळा होता. सहकार कायद्याच्या कलम ३५ प्रमाणे तिथे सभासदाला काढायला सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत आणि वर निबंधकाची मान्यता लागते.)

नियमावली हाती आली की शिस्तीचे कलम पेन्सिल घेऊन वाचा. काढण्याचा अधिकार कोणाला आहे, व्यवस्थापकीय समितीला की विशेष सर्वसाधारण सभेला? बऱ्याच नियमावल्यांत समितीला फक्त निलंबनाचा अधिकार असतो आणि हकालपट्टी सभेनेच करायची असते. तसे असेल तर तुमच्या हातातले पत्र मुळातच अधिकाराबाहेरचे ठरते. नोटिशीला किती दिवस दिले आहेत? ‘पूर्ण १४ दिवस’ असे लिहिले असेल आणि तुम्हाला ६ मिळाले असतील, तर तो ठोस मुद्दा आहे. मुदत कशी मोजायची हेही तिथेच पाहा. ‘पूर्ण’ दिवस म्हणजे साधारणपणे नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळून. मात्र प्रत्येक नियम मोडला की निर्णय रद्द, असे नाही. कोणता नियम अनिवार्य आणि कोणता केवळ निर्देशात्मक हे कोर्ट ठरवते. बेळगावच्या निकालातही हे आहे.

मतांची गणिते लोक तपासतच नाहीत, आणि तिथे चुका सर्रास होतात. समजा समिती १५ जणांची आहे आणि हजर ११. बाजूने ७, विरुद्ध २, तटस्थ २. नियम ‘मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश’ म्हणत असेल तर ९ पैकी ६ मते पुरतात, ठराव मंजूर. ‘हजर सदस्यांच्या दोन तृतीयांश’ असेल तर ११ चे दोन तृतीयांश सातच्या वर जातात, म्हणजे ८ मते लागतात, ठराव नामंजूर. ‘एकूण समितीच्या’ असेल तर १० लागतात. तीच सभा, तेच हात, निकाल वेगळा. म्हणून इतिवृत्ताची प्रत मागताना हजेरीपत्रक, गणसंख्या, मतांची विभागणी आणि सभेची विषयपत्रिका असे चारही कागद नाव घेऊन मागा. विषयपत्रिकेवर तुमचा विषय नसेल आणि तो ‘ऐन वेळचे विषय’ या सदरात घेतला असेल, तर तेही लिहून ठेवा.

नोटीस पुन्हा एकदा वाचा. ‘क्लबच्या हितास बाधा आणणारे वर्तन’ एवढेच लिहिले आहे, की तारीख, जागा, नेमके शब्द दिले आहेत? कोणत्या गोष्टीला उत्तर द्यायचे ते कळले नाही तर सुनावणीला अर्थ नाही. इथे तक्रारीची प्रत न देणे हा तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, पण प्रत मागितल्याचा लेखी पुरावा हवा. ईमेल असेल तर उत्तम. फोनवर मागितली असेल तर आता पत्राने लिहा की अमुक तारखेला मी मागितली होती आणि दिली गेली नाही. मग नोटीस आणि अंतिम पत्र शेजारी ठेवा. नोटिशीत नसलेला आरोप निर्णयात घुसला आहे का? ‘यापूर्वीही दोनदा ताकीद दिली होती’ असे वाक्य इतिवृत्तात सापडते, आणि त्याबद्दल सदस्याला विचारलेलेच नसते. असे वाक्य दिसले तर ते ठळक अधोरेखित करा.

ज्यांच्याशी वाद झाला तेच समितीत बसले आणि त्यांनी मतही दिले, हा पक्षपाताचा मुद्दा आहे. पण तो सुनावणीतच उचलला होता का? आक्षेप घ्यायची संधी असताना गप्प बसले आणि निकाल विरुद्ध गेल्यावर बोलले, तर कोर्ट म्हणते की हक्क सोडून दिला. क्लबात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे नुसत्या ओळखीला किंवा जुन्या कुरबुरीला कोणी पक्षपात मानत नाही. तक्रारदारच न्याय करायला बसला तर गोष्ट वेगळी. वकील मिळाला नाही, तक्रारदाराची उलटतपासणी करू दिली नाही, या तक्रारींवर मी फार भार टाकणार नाही. संस्थेच्या अंतर्गत चौकशीत कोर्टाचे साक्षी-पुराव्याचे नियम लागू नसतात आणि नियमावलीत नसेल तर वकिलाचा हक्क आपोआप येत नाही.

आता कोठे जायचे. रिटचा विचार सोडा. खाजगी क्लब म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ मधले ‘राज्य’ नव्हे. क्लबची जमीन सरकारी भाडेपट्ट्यावर आहे, हा मुद्दा हमखास निघतो, पण एवढ्या एका गोष्टीने क्लब सरकारी होत नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट नियामक मंडळालाही ‘राज्य’ मानले नाही. देशाचा संघ निवडण्यासारखी सार्वजनिक कामे ते करते म्हणून अनुच्छेद २२६ चा, म्हणजे हायकोर्टातल्या रिटचा दरवाजा त्याच्यासाठी उघडा ठेवला. तुमच्या क्लबच्या पत्त्यांच्या खोलीला तो आधार मिळणार नाही. रिट फेटाळले जाईपर्यंत काही महिने जातात, आणि ते महिने पुढे अंतरिम अर्जात तुमच्याच विरुद्ध मोजले जातात.

क्लब १८६० च्या कायद्याखालचा असेल तर पुण्याच्या दिवाणी न्यायालयात दावा. मुंबईतला असता तर बहुधा सिटी सिव्हिल कोर्टात. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली ‘निर्णय बेकायदा व निरर्थक आहे, मी सदस्य आहे’ अशी घोषणा मागायची, आणि त्याच दाव्यात ‘सदस्य म्हणून माझ्या हक्कांत अडथळा आणू नये’ असा निरंतर मनाई हुकूमही मागायचा. नुसती घोषणा मागून थांबलात तर त्याच कलमाच्या परंतुकावर दावा पडू शकतो, कारण पुढची दाद मागता येत असताना ती मागितली नाही असे होते. प्रतिवादी कोणाला करायचे तेही पाहा. १८६० च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे संस्थेवर दावा अध्यक्ष, सचिव किंवा विश्वस्त यांच्या नावे, म्हणजे नियमावलीत जे ठरले असेल त्याप्रमाणे लावायचा असतो. क्लब सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेला असेल तर ‘कलम ८० मुळे दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही, धर्मादाय आयुक्तांकडे जा’ असा आक्षेप नक्की येईल. दाव्यात कारभाराच्या तक्रारी मिसळू नका, फक्त तुमच्या वैयक्तिक हक्कापुरते लिहा. बारच्या हिशेबाचा एक परिच्छेद टाकलात की तुम्हीच त्या आक्षेपाला खतपाणी घातलेत.

क्लब कंपनी असेल तर कंपनी कायद्याचे कलम ४३० आडवे येऊ शकते. जे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण ठरवू शकते, त्यात दिवाणी न्यायालयाला अधिकार नसतो. नाव सदस्य नोंदवहीतून पुरेशा कारणाशिवाय वगळले, अशी दाद कलम ५९ खाली तिथे मागता येते. महाराष्ट्रातल्या क्लबसाठी मुंबई खंडपीठ. अन्याय व गैरकारभाराचा, म्हणजे कलम २४१ चा अर्ज एकट्याने करणे अवघड असते. भागभांडवल नसलेल्या कंपनीत त्यासाठी एक पंचमांश सदस्य लागतात, किंवा न्यायाधिकरणाकडून सूट घ्यावी लागते. त्यामुळे तुमच्यासारख्या एकट्या माणसाला कलम ५९ जवळचे.

पण या सगळ्याच्या आधी नियमावलीतले अंतर्गत अपील. ‘३० दिवसांत सर्वसाधारण सभेकडे’ किंवा तत्सम तरतूद असेल तर ते करा, त्यातून काही निघणार नाही अशी खात्री असली तरी. न केल्यास दाव्याला पहिला आक्षेप तोच असतो. अपिलात निर्णयाला स्थगितीही मागा. मुदत अपील पोहोचल्याची धरतात, टाकल्याची नव्हे, म्हणून सचिवांच्या कार्यालयात हातोहात देऊन शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल करा.

घोषणेच्या दाव्याची मुदत हक्क उद्भवल्यापासून ३ वर्षे आहे, पण त्यावर विसंबू नका. तूर्तातूर्त मनाईसाठी प्रथमदर्शनी बाजू, सोय-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. पाच महिने घरी बसून आलेल्या माणसाला तिसरी दाखवता येत नाही. अपिलाचे उत्तर आल्यापासून दोन-तीन आठवड्यांत कोर्टात असा. क्लबने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली कॅव्हेट, म्हणजे ‘आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, टाकला असण्याची शक्यता धरून चाला. त्याची मुदत ९० दिवस असते आणि तोवर त्यांना ऐकल्याशिवाय काही मिळत नाही. अंतरिम टप्प्यावर सदस्यत्व थेट बहाल करायला न्यायाधीश कचरतात, कारण तो जवळपास अंतिम निकालच झाला. म्हणून लहान मागण्याही पर्यायी ठेवा: येत्या निवडणुकीत मत, जागा दुसऱ्याला देऊ नये, नाव सूचनाफलकावर लावू नये, कुटुंबीयांची कार्डे चालू ठेवावीत.

वर्गणीचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो महत्त्वाचा आहे. १८६० च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी ३ महिन्यांहून जास्त थकली आहे तो मतदानाला पात्र नाही आणि त्या कायद्याखालच्या कामकाजात सदस्य म्हणून मोजला जात नाही. क्लबने घ्यायला नकार दिला तरी दर तिमाहीला रक्कम पाठवत राहा आणि परत आल्याचा कागद जपून ठेवा. मग थकबाकीचे निमित्त त्यांच्या हाती उरत नाही.

इथवरचा हिशेब असा: चेक परत, नियमावलीची प्रमाणित प्रत, इतिवृत्त व हजेरीची मागणी, मुदतीत अपील, मग नोंदणीप्रमाणे दावा किंवा न्यायाधिकरण.

जिंकल्यावर काय मिळते हेही आधीच माहीत असावे. पद्धत चुकली म्हणून निर्णय रद्द झाला तर क्लब पुन्हा नीट नोटीस देऊन, प्रती देऊन, तक्रारदाराला बाहेर बसवून तीच कारवाई करू शकतो. दुसऱ्यांदा ते पद्धत चुकवत नाहीत. त्यामुळे अंतरिम हुकूम मिळाला, किंवा इतिवृत्तातली चूक क्लबच्या वकिलाला दिसली, की तो तडजोडीचा सगळ्यात चांगला क्षण असतो. हकालपट्टीऐवजी सहा महिन्यांचे निलंबन आणि ‘वापरलेल्या शब्दांबद्दल दिलगीर आहे’ एवढे पत्र, यावर वाद मिटू शकतात. दिलगिरी शब्दांपुरती ठेवा, आरोप कबूल करणारी नको. राजीनाम्याचा विचारही करून पाहा, पण चौकशी चालू असताना राजीनामा स्वीकारता येत नाही असा नियम अनेक ठिकाणी असतो. तो नसेल आणि बाजू खरोखर कमकुवत असेल तर राजीनाम्याचा फायदा आहे. दुसऱ्या क्लबच्या अर्जात ‘यापूर्वी कोठून काढले गेले आहे का’ असा रकाना असतो, आणि राजीनामा व हकालपट्टी यांत तिथे मोठा फरक पडतो.

बदनामीचा दावा आत्ता नको. लेखी बदनामीची मुदत १ वर्ष आहे, तेवढी तारीख डायरीत लिहून ठेवा. सदस्यांना निर्णय कळवणे हे क्लबचे काम होते, सद्भावनेने कळवले, असा त्यांचा बचाव असतो आणि तो मोडायला दुष्ट हेतूचा पुरावा लागतो. शिवाय तुमचा व्हॉट्सअ‍ॅप मजकूरही उलट दाव्याचे कारण होऊ शकतो. त्या गटात आता एक शब्दही टाकू नका. जुना मजकूर पुसूही नका, पुसला तर लपवल्यासारखे दिसते.

पत्नीच्या कार्डावर जाण्याबद्दल: जाऊ नका. काढलेल्या सदस्याला पाहुणा म्हणूनही प्रवेश नाही, असे बहुतेक नियमावल्यांत असते, आणि नियम मोडला म्हणून तिच्यावरही नोटीस निघू शकते. पत्नीचे कार्ड तुमच्या सदस्यत्वावर आधारलेले आहे की तिचे स्वतंत्र सदस्यत्व आहे, ते आधी पाहा. स्वतंत्र असेल तर तिला त्रास होण्याचे कारण नाही आणि तिने नेहमीसारखे जात राहावे. तुम्हाला क्लबात ठेवलेली रॅकेट किंवा लॉकरमधले सामान आणायचे असेल तर सचिवांना ईमेल करून वेळ ठरवून घ्या. फाटकावर रखवालदाराने अडवले आणि आवाज चढला तर त्या पाच मिनिटांचे सीसीटीव्ही चित्रण तुमच्या मनाईच्या अर्जाला उत्तर म्हणून कोर्टात येईल.